लक्षात ठेवण्याचं काम

दिल्लीतलं मराठी घर ओळखायची एक सोपी खूण आहे. स्वयंपाकघराच्या दारापाशी, फ्रिजच्या बाजूला नाहीतर देवघराशेजारच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असतं. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेली ही दिनदर्शिका दादर-पुण्यात असते तितक्याच हक्काने मयूर विहारमध्ये, द्वारकेत, नोएडाच्या विसाव्या मजल्यावर आणि गुरुग्रामच्या भाड्याच्या फ्लॅटमध्येही वर्षभर राहते. आणलेली असते ती संकष्टी-एकादशी बघायला. पण महिना संपत आला की छापलेल्या मजकुराइतकंच पेनने लिहिलेलंही तिच्यावर दाटीवाटीने बसलेलं दिसतं. सात तारखेच्या चौकोनात ‘सिलिंडर’. अकराला फुली, म्हणजे दुधाचा खाडा. चौदाला ‘मावशी नाही’. एकोणीसला ‘शाळा, पांढरे बूट’. तेवीसला ‘आई, रक्ततपासणी, उपाशीपोटी’.

ही प्रत्येक खूण कुणीतरी डोक्यातून काढून भिंतीवर ठेवलेली आहे. एकदा तिथे लिहिलं की ती गोष्ट रात्री झोपताना टोचत नाही. पण घरातल्या शंभर गोष्टींपैकी अशा दहा-पंधराच भिंतीवर उतरतात. बाकीच्या सगळ्या एका डोक्यात असतात, आणि ते डोकं बहुतेक घरांत एकाच माणसाचं, म्हणजे बाईचं असतं. रोजच्या कामांनी जीव मेटाकुटीला येतो तेव्हा आपण कामं मोजतो. पोळ्या किती, कपडे किती, ऑफिसच्या मेल किती. लक्षात ठेवणं हे काम त्या मोजणीत कधीच येत नाही. थकव्याची गोष्ट इथूनच सुरू करायला हवी.

दिल्लीसारख्या शहरात हे लक्षात ठेवणं जरा जास्तच असतं. अनेक वसाहतींत पाणी सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळीच येतं. पहाटे मोटर लावायची, टाकी भरली की बंद करायची, आणि मधल्या वेळात डबा करायचा. मुलाची बस गेटवर किती वाजता येते, आज कोणता गणवेश आहे, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा फिल्टर कधी बदलला, कामवाल्या मावशी आल्या की सोसायटीच्या अ‍ॅपवर होकार द्यायचा आहे, सासूबाईंच्या गोळ्या शुक्रवारी संपतात, आणि नऊच्या आत मेट्रो गाठायची आहे. यातलं एकही काम अवघड नाही. पोळी लाटताना हे सगळं एकदम डोक्यात चालू असतं, तेच अवघड.

त्यात हिवाळ्याची हवा. प्रदूषण वाढलं की दिल्ली परिसरात ‘ग्रॅप’ नावाची नियमावली टप्प्याटप्प्याने लागू होते. १८ नोव्हेंबर २०२४ ला तिचा चौथा, सर्वांत कडक टप्पा सुरू झाला. शाळांचे वर्ग मोबाइलच्या पडद्यावर गेले. त्याच सुमारास दिल्ली सरकारने रस्त्यावरची गर्दी विभागावी म्हणून ऑफिसच्या वेळा वेगवेगळ्या केल्या होत्या. महापालिका साडेआठ ते पाच, केंद्र सरकार नऊ ते साडेपाच, दिल्ली सरकार दहा ते साडेसहा. त्या १८ तारखेला दिल्ली मेट्रोत ७८ लाखांहून जास्त प्रवासी-फेऱ्या नोंदल्या गेल्या, तोवरच्या इतिहासात सर्वाधिक. शहराचा कारभार आदेशांनी हलला. घराचा कारभार मात्र एका रात्रीत कुणाच्या तरी डोक्यात नव्याने मांडावा लागला. मुलापाशी कोण बसणार, चार्जर कुठला, दुपारचं जेवण कोण वाढणार, मावशींना लवकर बोलवायचं की उशिरा, आणि त्यांच्या मुलांची शाळाही बंद असेल तर त्या येणार तरी कशा?

‘बर्नआउट’ हा शब्द हल्ली सर्रास वापरला जातो, पण त्याचा जन्म घरात झालेला नाही. हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर हे न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ दिवसा स्वतःची प्रॅक्टिस करून संध्याकाळी एका मोफत दवाखान्यात काम करत. तिथले स्वयंसेवक मोठ्या उमेदीने येतात आणि काही महिन्यांत विझून जातात, हे त्यांनी पाहिलं, स्वतःवरही अनुभवलं आणि १९७४ मध्ये त्यावर निबंध लिहिला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेची व्याख्या रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात घातली. तिची लक्षणं तीन. शक्ती पार संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं. संघटनेने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. हा आजार म्हणून नोंदलेला नाही, आणि ही व्याख्या फक्त नोकरी-व्यवसायापुरती आहे, आयुष्याच्या इतर भागांना ती लावू नये.

शास्त्राच्या शिस्तीसाठी ही मर्यादा योग्यच असेल. पण व्हॉट्सअ‍ॅपवर ऑफिसचा ग्रुप, शाळेचा ग्रुप आणि सोसायटीचा ग्रुप एकाच हातातल्या एकाच फोनवर वाजत असताना नोकरीचा थकवा कुठे संपतो आणि घराचा कुठे सुरू होतो, याची रेघ कोण ओढणार?

फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. त्या एकत्र वाचल्या तर बरंच काही कळतं. २१ ते २३ तारखेला तालकटोरा स्टेडियममध्ये ९८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. १९५४ नंतर मराठी सारस्वतांचा मेळा पुन्हा राजधानीत आला होता. अध्यक्ष होत्या लोकसाहित्याच्या अभ्यासक तारा भवाळकर. पहाटे जात्यावर बसलेल्या बायकांनी दळता दळता जे रचलं आणि गायलं, त्याकडे गंभीरपणे पाहायला ज्यांनी मराठी वाचकाला शिकवलं, त्यांत भवाळकरांचं नाव वरचं आहे. संमेलनाचा मांडव उतरतो न उतरतो तोच, २५ तारखेला केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०२४ च्या वेळ-वापर पाहणीचे आकडे जाहीर केले. घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात ते करणाऱ्या बायका दिवसाला २८९ मिनिटं घालवतात, आणि ते करणारे पुरुष ८८ मिनिटं. बायकांचे जवळजवळ पाच तास, पुरुषांचा जेमतेम दीड.

यात आणखी एक मेख आहे. हे ८८ मिनिटांचं सरासरी माप फक्त घरकाम करणाऱ्या पुरुषांचं. २०१९ च्या पाहणीत मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच २६ टक्के निघाले होते, आणि बायका ८१ टक्के. पाच वर्षांत काही बदललं का? १५ ते ५९ वयाच्या बायकांचा घरकामाचा वेळ ३१५ मिनिटांवरून ३०५ वर आला. दहा मिनिटं. मिक्सर, वॉशिंग मशीन, दहा मिनिटांत दारात येणारी कोथिंबीर, एवढं सगळं असताना दहा मिनिटं.

आणि या पाहणीत मिनिटं मोजली जातात ती मुख्यतः हाताने केलेल्या कामांची. जात्याच्या काळात दळण हे दळणच होतं, उठलं की संपलं. आताचं घरकाम हात थांबले तरी डोक्यात चालू राहतं.

ते नेमकं कुठे चालतं, हे अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये ३५ जोडप्यांच्या मुलाखतींतून उलगडून दाखवलं. घरातल्या डोक्याच्या कामाच्या त्यांनी चार पायऱ्या केल्या. गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि झालं की नाही यावर नजर ठेवणं. दिल्लीतल्या मराठी घराला या पायऱ्या समजावून सांगायला दिवाळीचं तिकीट पुरेल. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे दिवाळीला पुण्याला जायचं तर ऐन पावसाळ्यात, ऐन कामाच्या दिवशी, सकाळी आठ वाजता कुणाच्या तरी लक्षात असावं लागतं की आज खिडकी उघडते आहे. ही पहिली पायरी. गोवा एक्सप्रेस की झेलम, की विमान, आणि आजोबांना खालचा बर्थ, हे शोधणं ही दुसरी. ‘चला, गोवा एक्सप्रेसच करू’ हा निर्णय तिसरी. प्रतीक्षायादीतलं तिकीट पक्कं झालं का, हे दर दोन दिवसांनी बघत राहणं ही चौथी.

डॅमिंजर यांना आढळलं ते असं. निर्णय बहुतेक घरांत दोघं मिळून घेतात. पहिली आणि शेवटची पायरी मात्र मुख्यतः बायकांच्या वाट्याला येते. निर्णय घेताना माणूस दिसतो, त्याचं मत विचारलं जातं, तिथे मान असतो. आधी आठवण ठेवणं आणि मागून नजर ठेवणं कुणाला दिसतही नाही.

म्हणून ‘अगं, सांगायचंस ना, मी केलं असतं’ हे वाक्य इतकं झोंबतं. बोलणारा मनापासून बोलत असतो, करायची त्याची तयारीही असते. पण सांगायचं म्हणजे आधी लक्षात ठेवायचं, वेळ बघून सांगायचं, आणि झालं का ते पुन्हा विचारायचं. त्याने सिलिंडर लावला तरी सिलिंडर अजून तिच्याच डोक्यात असतो.

यावर तोडगा सापडतो तो एका ऑपरेशन थिएटरमध्ये, तेही दिल्लीच्या.

यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ उटी नावाचं गाव आहे. तिथले आत्माराम गवांदे डॉक्टर होऊन अमेरिकेला गेले. त्यांचा मुलगा अतुल गवांदे बोस्टनमध्ये सर्जन झाला आणि जगभर वाचला जाणारा लेखकही. २००७-०८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी गवांदे आणि त्यांचे सहकारी एका साध्या प्रश्नावर काम करत होते. शस्त्रक्रियेत होणाऱ्या कितीतरी चुका अज्ञानाने होत नाहीत, माहीत असलेली गोष्ट त्या क्षणी राहून जाते म्हणून होतात. मग त्या टाळायच्या कशा? त्यांनी एका कागदावर मावणारी १९ कलमांची यादी केली आणि आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत वापरून पाहिली. टोरंटो, लंडन, सिअ‍ॅटल, ऑकलंड, अम्मान, मनिला, टांझानियातलं इफाकारा आणि आपली दिल्ली. दिल्लीतलं रुग्णालय होतं तीस हजारीचं सेंट स्टीफन्स, १८८५ पासून चालत आलेलं.

यादीत काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. भूल देण्याआधी रुग्णालाच विचारायचं, तुमचं नाव काय, कुठलं ऑपरेशन, कुठल्या बाजूचं. शरीरावर खूण केली आहे ना. कशाची अ‍ॅलर्जी? मग चीर देण्याआधी सगळ्यांनी क्षणभर थांबायचं. खोलीतल्या प्रत्येकाने स्वतःचं नाव आणि काम सांगायचं. प्रतिजैविक गेल्या ६० मिनिटांत दिलं का? आणि रुग्णाला बाहेर नेण्याआधी परिचारिकेने मोठ्याने सांगायचं की सुया, कापसाचे बोळे, हत्यारं मोजली आणि भरली. यातलं एकही कलम कुठल्याही सर्जनला नवीन नव्हतं. तरी जानेवारी २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा आठ रुग्णालयांत मिळून मोठी गुंतागुंत होण्याचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ वर आलं होतं, आणि मृत्यूंचं १.५ वरून ०.८ टक्क्यांवर.

ही कल्पना वैमानिकांकडून आलेली आहे. १९३५ मध्ये बोइंगचं एक नवं बॉम्बर विमान अमेरिकेत चाचणीच्या वेळी कोसळलं. चालवणारा निष्णात होता, फक्त एक खिट्टी काढायची राहून गेली होती. यंत्र एका माणसाच्या आठवणीपलीकडे गेलं आहे, हे मान्य करून तिथल्या वैमानिकांनी उड्डाणाआधीची यादी बनवली. निष्णात माणूसही विसरतो, कारण विसरणं हा माणसाचा स्वभाव आहे. हे मान्य करण्यात कमीपणा नाही. उलट ‘माझ्या सगळं लक्षात असतं’ हा अभिमानच घरातल्या बाईला सर्वांत महाग पडतो.

पण शस्त्रक्रियेच्या यादीची खरी ताकद कागदात नव्हती. ती मोठ्याने वाचली जात होती आणि ती कुणा एकाची नव्हती, यात ती होती. एरवी सर्जनपुढे तोंड न उघडणारी परिचारिका ‘थांबा, अजून मोजणी झाली नाही’ असं म्हणू शकत होती. याचा पुरावा उलट्या बाजूनेही मिळाला. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात अशी यादी सक्तीची झाली. १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मृत्यूंत किंवा गुंतागुंतीत लक्षणीय घट दिसली नाही. आदेश आला, खुणा झाल्या, पण खोलीतल्या माणसांचं एकमेकांशी वागणं तेच राहिलं, तर कागद कागदच राहतो, असं त्यावर अनेक तज्ज्ञांनी म्हटलं.

घरालाही हेच लागू आहे. बाईनेच यादी करायची, तिनेच फ्रिजवर लावायची आणि तिनेच ‘बघितलीस का’ म्हणून मागे लागायचं, तर यादी हे तिचं आणखी एक काम झालं. कालनिर्णयावर घरातल्या सगळ्यांचं अक्षर दिसायला हवं. दहा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या हाताने ‘चित्रकलेचं सामान’ लिहिलं, तर ते सामान त्याचं झालं.

वाटणीची रीतही बदलावी लागते. बहुतेक घरांत कामाचे तुकडे वाटले जातात. तू भाजी आण, मी निवडते. त्याऐवजी अख्खं काम, बुडापासून शेंड्यापर्यंत, एकाकडे जायला हवं. सिलिंडर ज्याचा त्याचाच. संपत आला हे ओळखणं, नंबर लावणं, पैसे देणं, माणूस येईल तेव्हा घरी कोणी असेल हे बघणं, आणि दुसऱ्याने त्यात विचारपूसही करायची नाही. एखादे वेळी सिलिंडर संपेल. त्या रात्री पाव-बटर खावं. पण तो माणूस पुन्हा विसरणार नाही. आणि डोक्यातून एक गोष्ट खरोखर, कायमची बाहेर गेली, ही मोकळीक केवढी मोठी असते, हे ज्याला मिळते त्यालाच कळतं.

अर्धवट राहिलेलं काम मनात का घोळत राहतं, यावरही अभ्यास झाला आहे. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की न झालेली गोष्ट दुसरं काम करताना मध्ये मध्ये येते. पण ती कधी, कुठे, कशी करायची हे नक्की ठरवलं की तिचा त्रास थांबतो, काम अजून झालेलं नसलं तरी. फरक इथे आहे. ‘वीजबिल भरायचंय’ असं लिहिलं तर ते टोचत राहतं. ‘गुरुवारी संध्याकाळी, मेट्रोत बसायला जागा मिळाली की वीजबिल’ असं लिहिलं की मन सुटतं. आपल्याकडे जुन्या बायका ‘हातासरशी करून टाक’ म्हणायच्या, तेही याच जातीचं शहाणपण. कणीक मळली आहे तर हातासरशी उद्याचीही मळून ठेव, कपाट उघडलंय तर हातासरशी लोकरीचे कपडे बाहेर काढ. काम सुरू करण्याचाच अर्धा शीण असतो, तो दोनदा कशाला काढायचा?

याच्या उलट टोक म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. एका कामातून दुसऱ्यात उडी मारली की पहिल्याचा अंश मनात मागे राहतो, आणि दुसऱ्याला पूर्ण लक्ष मिळत नाही. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये यावर लिहिलं. ऑफिसच्या बैठकीत टेबलाखाली शाळेच्या ग्रुपवर उत्तर देणारी आई दोन्ही कामं करत असते आणि दोन्हींकडून दमत असते. दिवसातल्या दोन ठरलेल्या वेळी शाळेचा ग्रुप बघायचा आणि एरवी त्याचा आवाज बंद ठेवायचा, एवढं तरी आपल्या हातात आहे.

काही कामं सोडूनही द्यावी लागतात, आणि हे मराठी घरात सर्वांत जड जातं. दिल्लीत राहूनही दिवाळीला चकली-चिवडा-लाडू-करंज्या-अनारसे सगळं घरीच, चैत्रगौरीचं हळदीकुंकूही अगदी तिकडच्यासारखंच. दूर राहणाऱ्यांना रीत टिकवावीशी वाटते, ते समजण्यासारखं आहे. पण चार जणींनी एकेक पदार्थ करून वाटून घेतला तरी फराळाचं ताट भरतंच, आणि करंज्या लाटताना गप्पाही होतात.

मात्र घरातली भिंत कितीही नीट लिहिली तरी काही ओझी घराबाहेरून येतात. रात्री साडेदहाला आलेल्या ‘उद्या सकाळी हवंय’ या निरोपावर कालनिर्णयाकडे उत्तर नाही. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत एक खासगी विधेयक मांडलं. ऑफिसची वेळ संपल्यावर फोन न उचलण्याचा हक्क कर्मचाऱ्याला मिळावा, अशी त्यात मागणी होती. डिसेंबर २०२५ मध्ये त्यांनी ते पुन्हा मांडलं. फ्रान्समध्ये असा कायदा २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून. आपल्याकडे त्याच काळात आठवड्याला ७० तास काम करावं की ९०, यावर मोठ्या उद्योगपतींची विधानं गाजत होती. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२१ च्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५-४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. शिवाय ७० तास ऑफिसात राहणाऱ्या माणसाच्या घरची मोटर, दूध, औषधं आणि मुलांचे बूट दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यात असतात. त्या डोक्याचे तास ७० च्या हिशेबात धरलेले नसतात.

चांगली सार्वजनिक सोय हे ओझं हलकं करते. दिल्ली मेट्रो पहिल्यांदा धावली २४ डिसेंबर २००२ ला, शाहदरा ते तीस हजारी, त्याच सेंट स्टीफन्सच्या परिसरापर्यंत. मेट्रोने वेळ वाचवला हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिने विचार वाचवला. गाडी येईल का, कधी येईल, रात्री जाणं सुरक्षित असेल का, रिक्षावाला किती मागेल, हे सगळं डोक्यातून गेलं. २०१० पासून पहिला डबा बायकांसाठी राखीव झाला तेव्हा त्यांच्या मनातली आणखी एक कायमची सावधगिरी थोडी सैलावली.

त्या डब्यात संगणकाची पाठपिशवी घेतलेली बाई असते, तशीच चार घरची कामं करायला निघालेलीही असते. मध्यमवर्गीय घराचं वेळापत्रक जिच्या येण्यावर उभं असतं, तिच्या स्वतःच्या घराचं वेळापत्रक कुणी बघितलेलं नसतं. सावदा घेवरासारखी वस्ती २००६ पासून दिल्लीच्या पश्चिम टोकाला वसवली गेली, शहराच्या मध्यातून हलवलेल्या लोकांसाठी. कामाचं घर आणि राहतं घर यांच्यात तासन्‌तासांचं अंतर पडलं. जिथे नळ नाही तिथे पाण्याचा टँकर येईल तेव्हा घरी कुणीतरी असावंच लागतं. आपल्या चौकोनात ‘मावशी नाही’ असं लिहिलेलं असतं, त्या दिवशी तिकडे बहुतेक वेळा पाणी, रेशन, शाळा किंवा आजारी मूल यांपैकी काहीतरी असतं.

महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. देशभरासाठी असा कायदा करता येईल का, ते तपासायला समिती नेमा, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये केंद्राला सांगितलं. मोठ्या आस्थापनांवर २०१७ पासून पाळणाघराची सक्ती आहे, पण ती ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे. चार घरी काम करणाऱ्या बाईचा मालक एकेक कुटुंब असतं.

मग अशा बाईच्या मुलांना कोण सांभाळणार, या प्रश्नाला दिल्लीने फार पूर्वी एक उत्तर देऊन पाहिलं आहे. १९६९ मध्ये गांधी शताब्दीच्या प्रदर्शनासाठी राजघाटाजवळ बांधकाम चाललं होतं. मीरा महादेवन यांनी तिथे मजूर बायकांची तान्ही मुलं धुळीत, उन्हात पडलेली पाहिली. त्यांनी तिथेच एक तंबू उभारून पाळणाघर सुरू केलं. बांधकाम जिथे जाईल तिथे पाळणाघर जाईल, म्हणून संस्थेचं नाव ‘मोबाइल क्रेशेस’ पडलं, आणि ती आजही काम करते आहे. विटा वाहणाऱ्या बाईच्या विटा त्या तंबूने कमी केल्या नाहीत. पण टोपलं डोक्यावर घेताना मूल कुठे असेल, कुणी त्याच्यावर पाय देईल का, भूक लागली असेल का, हे तिच्या जागी दुसरं कुणीतरी लक्षात ठेवत होतं.

दमणूक हाताबाहेर गेली, झोप उडाली, कशातच मन लागेना, रडू आवरेना असं आठवडेच्या आठवडे चाललं, तर याद्या आणि वाटण्या बाजूला ठेवून डॉक्टरांशी बोलावं. केंद्र सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत चालू आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येतं. हा नंबर कालनिर्णयाच्या एखाद्या कोपऱ्यात लिहून ठेवावा, आणि मावशींनाही त्यांच्या फोनमध्ये घालून द्यावा.